सतरा हरकती आणि एक सूचना

“वाच, वाच. मोठ्यान वाच. माका म्हाताऱ्याक आयकाक येवंदे,” आमचे हे म्हणाले आणि माझ्या चहाच्या टपरीसमोरच्या बाकावर मांडी ठोकून बसले.

वाचणारा होता नारू मोंडकर. बंदर कार्यालयातून आलेला कागद त्याने सत्यनारायणाच्या पोथीसारखा दोन्ही हातांत धरला होता. ओहोटी लागली होती, होड्या चिखलात टेकल्या होत्या आणि हातांना काम नसल्यामुळे खाडीतले सतराच्या सतरा होडीवाले धक्क्यावर जमले होते. अशा वेळी माझा चहा चांगला खपतो.

“प्रवासी होडी चालवणाऱ्या सर्व व्यक्तींस सुरक्षा प्रशिक्षण सक्तीचे करण्याबाबत प्रस्तावित बदल,” नारू वाचू लागला. “आजवर वीस वर्षांहून अधिक अनुभव असणाऱ्यांस प्रशिक्षणातून दिलेली सूट रद्द करण्याचे योजिले आहे. चार दिवसांचा वर्ग, परीक्षा, तसेच पन्नास मीटर पोहण्याची चाचणी. अनुत्तीर्ण झाल्यास परवान्याचे नूतनीकरण होणार नाही.”

“किती मीटर?” ह्यांनी विचारलं.

“पन्नास.”

हे मोठ्याने हसले. ह्यांचं बघून सगळे हसले. मी मात्र चहा गाळता गाळता ह्यांच्या पायाकडे बघितलं. उजव्या पायाचा अंगठा हलत होता. तीस वर्षांच्या संसारात बाईला नवऱ्याबद्दल फार काही कळतं असं नाही, पण हा माणूस घाबरला की त्याचा अंगठा हलतो एवढं मला कळलेलं होतं.

ही बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हा हे अठ्ठावन्न वर्षांचे होते. नाव भार्गव कुबल, पण गाव ह्यांना तांडेल, म्हणजे होडीचा म्होरक्या, म्हणायचं. शेवरबंदर ते पाटकोंड ही तर, म्हणजे माणसं पलीकडे नेणारी होडी, ह्यांच्या वडिलांपासूनची. मधे अर्धा मैल खाडी. पस्तीस वर्षांत ह्यांनी नवऱ्या नेल्या, बाळंतिणी नेल्या, गणपती नेले, एकदा तर अख्खं दशावताराचं मंडळ पेट्यांसकट आणि राक्षसासकट नेलं. एका माणसाच्या पायाला पाणी लागू दिलं नाही. आजूबाजूच्या चार गावांत आयाबाया पोराला तरीवर सोडताना सांगायच्या, तांडेलाची होडी असेल तरच बस.

आणि ह्या तांडेलाला पोहता येत नव्हतं.

हे गुपित गावात दोघांनाच ठाऊक होतं, ह्यांना आणि मला. सासऱ्यांना माहीत होतं, पण ते स्वर्गात गेले. खरं तर हा सगळा त्यांचाच प्रताप. त्यांचं म्हणणं असं, की पोहणारा तांडेल वेळ आली की पहिली उडी मारतो. ज्याला पोहता येत नाही तो होडीला धरून राहतो, म्हणून होडीला जपतो, म्हणून माणसांना जपतो. “होडयेक सोडू नको, होडी तुका सोडूची नाय,” असं ते म्हणायचे. त्यामुळे कुबलांच्या घरात मुलग्यांना मुद्दाम पोहायला शिकवत नसत. गावातली बाकीची पोरं धक्क्यावरून उड्या मारायची तेव्हा हे होडीत बसून दोर वळायचे, आणि लोकांना वाटायचं, काय हा कामसू मुलगा!

मी बेटावरची. माझ्या माहेरी चारही बाजूंनी पाणी. कालवं काढायला आम्ही बहिणी कमरेला टोपली बांधून पोहत जायचो. लग्नानंतर पंधरा दिवसांनी मला ह्यांचं गुपित कळलं तेव्हा मी पदर तोंडात घालून हसले होते. हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मग तो विषय आम्ही दोघांनी मिळून पुरून टाकला. पट्टीचे पोहणारेच बुडतात, असं म्हणून मीही मनाची समजूत घातली.

पण त्या वर्षी गणपती गेल्यावर एक गोष्ट घडली.

संध्याकाळची वेळ, पूर्ण भरती. शेवटची फेरी आटोपून हे होडी बांधत होते. मी धक्क्याच्या दुसऱ्या बाजूला तिसऱ्या-शिंपल्या धूत बसले होते. धपकन आवाज झाला. मला वाटलं डबा पडला. मान वर करून बघितलं तर ह्यांची होडी ‘सातेरीप्रसाद’ होती, हे नव्हते. मी टोपली टाकून धावले. होडी आणि धक्का यांच्या मधल्या काळ्या पाण्यात हे दोन्ही हातांनी दोर धरून लोंबकळत होते. हनुवटी पाण्याला टेकलेली. डोळे हे एवढे मोठे. पन्नास पावलांवर नारू जाळं शिवत बसला होता, एक हाक मारली असती तर धावत आला असता. ह्यांनी हाक मारली नाही. हाक मारली असती तर गावाला कळलं असतं.

मी पायरीवर आडवी पडून ह्यांची कॉलर धरली आणि ओढलं. शर्टाचं एक बटण माझ्या मुठीत राहिलं.

पायरीवर बसून हे बराच वेळ खोकत होते. मग म्हणाले, “शेवाळ असा पायरेर. चुनो मारूक व्हयो.”

“चुनो मारूया,” मी म्हटलं. मुठीतलं बटण मी पदराच्या टोकाला बांधलं.

त्या दिवसापासून माझं डोकं ठिकाणावर राहिलं नाही. होडी पलीकडे निघाली की मी भजी तळताना सुद्धा तिच्यावर डोळा ठेवायची. परत आली की जीव भांड्यात पडायचा, आणि तासाभराने भांड्यातून पुन्हा बाहेर. ह्यांना सांगायची सोय नव्हती. सांगितलं असतं तर म्हणाले असते, पस्तीस वर्षांत एकदा पाय घसरला, तुझा रोज घसरतो.

अशात तो कागद आला.

कागदात शेवटी लिहिलं होतं, हरकती व सूचना लेखी कळवाव्यात, सुनावणी अमुक तारखेला पाटकोंडच्या शाळेत होईल. नारू म्हणाला, “आपण हरकत घेवया. सतरा जण, सतरा हरकती. तांडेलानू, तुम्ही सांगा, मी लिवतंय.”

हे उभे राहिले. असं सांगितलं की काय सांगू. समुद्र ही आमची शाळा आहे. वारा आमचा मास्तर आहे. चार दिवसांच्या वर्गात चाळीस वर्षांचं शहाणपण कोण शिकवणार? म्हाताऱ्या तांडेलाला बाकावर बसवणं हा आमच्या वाडवडिलांचा अपमान आहे. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. इतकं झक्क बोलले, की मलाही क्षणभर पटलं. फक्त अंगठा हलत होता.

दुपारी जेवताना मी विषय काढला.

“पन्नास मीटर म्हणजे केदा ता? धक्क्यापासून उंडीच्या झाडापर्यंत. मी शिकवतंय तुमका. कोणाक कळूचा पण नाय.”

ह्यांनी सोलकढीची वाटी खाली ठेवली. “साठीक इलंय मी. आता बायलेकडसून पवाक शिकू? नारूक कळला तर शिमग्यात माझा सोंग काढीत.”

“आणि लायसन गेला तर?”

“जावचा नाय. हरकत घेतलंव मा? सूट रवतली.”

“आणि तुम्ही गेलात तर?”

हात धुऊन हे खिडकीशी बसले आणि भरतीची वही उघडली. रोज जेवल्यावर हे त्या वहीत भरती-ओहोटीची वेळ आणि वारा लिहितात. दुसरं काही नाही. आमच्या मुलाचा जन्म झाला त्या तारखेलासुद्धा वहीत ‘भरती १०.४०, वारा खारा’ एवढंच आहे. मी एकदा त्यावरून भांडले, तर म्हणाले, झील झाला हे विसरणार आहे का मी? भरती विसरेन.

दोन दिवसांनी मी तेलाची रिकामी बाटली पिशवीत घालून ह्यांच्या होडीत जाऊन बसले.

“तू खय गो?”

“पाटकोंडाक. खोबरेल आणूक.”

“हयसर खोबरेल मिळणा नाय?”

“थयला बरा असता.”

“बायकांचा डोक्या म्हणजे,” हे बाकीच्या उतारूंना म्हणाले, “तेका तेल पण पाटकोंडाचाच व्हया.” सगळे हसले. मीही हसले.

सुनावणीच्या दिवशी सकाळी बंदर कार्यालयातून खवणेकर मॅडम आल्या. मला वाटलं होतं कोणी मिशीवाला साहेब येईल. ही आमच्या सुनेच्या वयाची मुलगी, वेंगुर्ल्याकडची, पायात रबरी चपला. आमच्या बाजूच्या धक्क्यावर उतरली आणि तरीवरून पाटकोंडला जायचं म्हणून ह्यांच्याच होडीत बसली. त्या दिवशी निम्मा गाव होडीत होता. मीही होते.

“काका, लाइफ जॅकेटं आहेत ना?” तिने विचारलं.

हाच प्रश्न ह्यांना हवा होता. ह्यांनी ऐटीत ताडपत्री बाजूला केली. खाली वीस जॅकेटं होती, दहा-दहाचे दोन गठ्ठे. प्रत्येक जॅकेट मूळच्या प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरून सुतळीने आवळून बांधलेलं, आणि प्रत्येक पिशवीवर कुंकवाचा टिळा आणि सुकलेला झेंडू.

“बगा मॅडम. पाच वर्सां झाली सरकारान देवन. एक डाग नाय.”

“हे लाल काय आहे?”

“दसऱ्याची पूजा. मशीनाची करतंव, नांगराची करतंव, मगे ह्येंची नको?”

“बरोबर आहे. आणि घालतं कोण?”

“मॅडम, पूजेचा कोण घालता?”

मॅडम हसल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. मनगटावरचं घड्याळ बघितलं आणि शांतपणे म्हणाल्या, “काका, समजा आत्ता होडीत पाणी शिरतंय. मला एक जॅकेट द्या.”

ह्यांनी सुकाणू नारूच्या हाती दिलं आणि गाठ सोडायला बसले. पाच पावसाळे खारं पाणी पिऊन सुतळीचा दगड झालेला. नखाने सुटेना. दातांनी सुटेना. “कोयतो खय गेलो?” म्हणाले. कोयता ताडपत्रीखाली, गठ्ठ्याच्याही खाली. तो काढून सुतळी कापली, मग पिशवी फाडली, मग जॅकेटचे पट्टे उलगडेनात.

“चार मिनिटं,” मॅडम म्हणाल्या. “आणि हे पहिलंच, काका. अजून एकोणीस आहेत.” मग त्यांनी ते कुंकू लागलेलं जॅकेट अंगात घातलं, पट्टे आवळले आणि पाटकोंड येईपर्यंत ते घालून बसल्या. हे सुकाणूवर परत गेले. सबंध वाटेत पाण्याकडे बघत होते.

शाळेत आम्ही मुलांच्या बाकांवर दाटीवाटीने बसलो. मॅडमनी फाइल उघडली.

“सतरा हरकती आल्या आहेत,” त्या म्हणाल्या. “मी एक वाचते. बाकीच्या सोळा शब्दाला शब्द अशाच आहेत, अक्षरसुद्धा एकच आहे.” नारूने कॉलर ताठ केली. त्यांनी ती शाळा-मास्तरची हरकत वाचली. टाळ्या पडल्या.

“आणि एक सूचना आली आहे. ती बदलाच्या बाजूने आहे. खाली सही नाही, पण वाचते.”

मॅडमनी निळ्या रेघांचा एक कागद उलगडला.

“माझ्या घरचा माणूस होडी चालवतो. रोज शंभर माणसं सुखरूप पलीकडे नेतो. पण तो स्वतः पाण्यात पडला तर त्याला सुखरूप आणणारं होडीत कुणी नाही. त्याला पोहता येत नाही. तो आपणहून शिकणार नाही, कारण त्याचं नाव मोठं आहे. म्हणून सरकारने सक्ती करावी. सूट कुणालाच देऊ नये, जुन्यांना तर मुळीच नको. सरकारने सांगितलं म्हणून शिकला, तर त्याचं नाव जाणार नाही, आणि माझा माणूसही जाणार नाही.”

ते पत्र माझं होतं. ह्यांच्या भरतीच्या वहीतलं मागचं कोरं पान हळूच फाडून, ओहोटीच्या वेळी टपरीत बसून मी ते लिहिलं होतं, आणि ह्यांच्याच होडीतून नेऊन पाटकोंडच्या टपालपेटीत टाकलं होतं. लिहिताना वाटलं होतं, साहेब वाचतील आणि फाइलीत ठेवतील. भर सभेत वाचून दाखवतील हे कुठे ठाऊक! माझ्या कानांतून वाफा निघायला लागल्या. मी पदर तोंडाशी धरला आणि समोरच्या भिंतीवरचा पाढ्यांचा तक्ता वाचू लागले.

नारू उसळून उभा राहिला. “कोणाच्या घरातला ह्या पत्र? कोणाच्या बायलेन लिवला? ज्याका पवाक येणा नाय असो तांडेल ह्या खाडयेत असूच कसो शकता? उभो रव दे तो!”

होडीवाले एकमेकांकडे बघू लागले. बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

“बस नारू,” हे म्हणाले.

“बसू कसो? आपली सगळ्यांची बदनामी—”

“बस म्हटलंय मा.”

हे उठले. खिशात भाषणाचा कागद होता, रात्रभर उशाशी ठेवलेला. तो काढला, दोनदा घडी घातली आणि परत खिशात ठेवला. अंगठा बघायचा मला धीर झाला नाही.

“मॅडम,” हे म्हणाले, “माका पवाक येणा नाय.”



“तांडेलानू!” नारूचं तोंड उघडंच राहिलं. “पस्तीस वर्सां आमका फसयलात?”

“फसवूक नाय. कोणी इचारूक नाय.”

कुणीतरी फिस्सकन हसलं, पण ते हसणं तिथेच विझलं. हे पुढे बोलत होते. “माझो बापूस म्हणायचो, पवणारो तांडेल पयली उडी मारता. म्हणान माका शिकवूक नाय. तेचा काय चुकला असा मी म्हणूचंय नाय. तेच्या टायमाक होडयेत धा माणसां असायची. आता चाळीस असतत. आज ह्या मॅडमांका जॅकेट देवक माका चार मिनिटां लागली. चार मिनिटांत काय होता ता माका म्हायत असा. गणपतीनंतर मी पाण्यात पडल्लंय. ह्या माझ्या बायलेन कॉलर धरून वर काढला. हाक मारूची लाज वाटली माका.” ते थांबले. “माझी हरकत मी मागे घेतंय.”

मला रडू कोसळलं. त्या दाटीत, पाढ्यांच्या तक्त्यासमोर, मी पदरात तोंड घालून रडले. भीतीने नाही. एवढा अभिमान मला ह्यांचा कधीच वाटला नव्हता, दशावताराचं मंडळ नेलं तेव्हाही नाही.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक म्हातारा आवाज आला, “माका पण येणा नाय.” तो दादू खडपकर, सत्तर वर्षांचा. मग आणखी एक हात वर झाला. मग आणखी दोन. सतरांतल्या पाच जणांना पोहता येत नव्हतं. पाची जण आयुष्यभर आपण एकटेच आहोत असं समजून गप्प बसलेले.

“आता सूचना द्या,” मॅडम म्हणाल्या. “नियम तुमच्या सोयीचा कसा करायचा ते सांगा, मी लिहून घेते.”

मग काय, सगळ्यांना कंठ फुटला. वर्ग गावातच घ्या, तालुक्याला नको. पावसाळ्यात होड्या ओढून ठेवलेल्या असतात तेव्हा घ्या. परीक्षा तोंडी घ्या, लेखी नको. म्हाताऱ्यांना पोहायला शिकायला सहा महिने द्या. जॅकेटं बांधायची नाहीत, बाकांखाली मोकळी ठेवायची, ही सूचना ह्यांनी स्वतः दिली. पुढे नियम पक्का झाला तेव्हा ह्यातल्या बऱ्याच गोष्टी त्यात होत्या.

पण पत्र कुणी लिहिलं, हा घोर नारूला लागला तो लागलाच. पत्रातल्या वर्णनात पाच घरं बसत होती. त्या संध्याकाळी चार घरांत चार बायकांची उलटतपासणी झाली. दादूच्या म्हातारीने तर दादूला सांगितलं म्हणे, माका लिवाक येता असता तर तुझ्याशी लगीन केलंय असता काय? फक्त आमच्या घरात काही झालं नाही. ह्यांनी मला एका शब्दाने विचारलं नाही. सगळ्यांना वाटलं, ज्याने उभं राहून कबूल केलं त्याच्या बायकोला पत्र लिहायची गरजच काय? मला मात्र वाटलं, केवढा विश्वास ह्यांचा माझ्यावर! आणि मी चोरून पत्र लिहिणारी. ते मला बारा वर्षं टोचत राहिलं. कितीदा सांगेन सांगेन म्हटलं आणि ऐन वेळी जीभ टाळ्याला चिकटली.

दुसऱ्याच दिवशी सकाळी आम्ही दोघं खाजणात गेलो. तिथे बांधाच्या आत कमरेएवढं, पुढे छातीएवढं शांत पाणी असतं. मी दोन सुके न सोललेले नारळ काथ्याने जोडून नेले होते. आमच्या बेटावर पोरांना त्यावरच शिकवतात.

“नारळ बांधून काय मी चेडवांसारखो पवू?” हे म्हणाले आणि पिशवीतून जॅकेट काढलं. मॅडमनी घातलं होतं तेच. ह्यांनी ते आधी कपाळाला लावलं, मग ओल्या बोटाने कुंकू पुसलं. “सातेरी माते, रागाव नको. पुढल्या दसऱ्याक परत लावतंय.”

पहिले चार दिवस मी हात धरायचा आणि ह्यांनी मला शिव्या घालायच्या. पाणी नाकात गेलं तरी माझा दोष, पाय बुडाला तरी माझा. मी म्हटलं, “शाळेत वारो मास्तर होतो, तेका आसोच बोलायचात?” त्यावर हसता हसता आणखी पाणी गिळलं. आठवड्याने जॅकेट काढलं. मी पोटाखाली हात धरून चालायची आणि हे पाय मारायचे. साठीला टेकलेला नवरा असा हातावर घेऊन बाई पाण्यात चाललीय, कुणी बघितलं असतं तर काय म्हणालं असतं! मला त्या सकाळी फार आवडायच्या. संसारात एवढा वेळ आम्ही दोघं कधी नुसते एकत्र नव्हतो.

एके दिवशी हे मधेच म्हणाले, “सोड आता.”

“सोडू?”

“सोड म्हणतंय मा.”

मी हात काढला. हे चार हात गेले, पाचवा हात मारताना बुडले, उभे राहिले, खोकले, आणि मागे वळून ह्यांनी माझ्याकडे असं बघितलं की जणू आमच्या मुलाने पहिलं पाऊल टाकलं.

चाचणीच्या दिवशी अख्खा गाव धक्क्यावर होता. ‘सातेरीप्रसाद’ पन्नास मीटरवर उभी केली होती, तिच्यावरून उतरून धक्क्यापर्यंत यायचं. ह्यांची पाळी आली. हे होडीच्या काठावर उभे राहिले, होडीला हात लावून तो हात छातीला लावला आणि पुटपुटले. मॅडम शेजारच्या होडीत होत्या, त्यांनी ऐकलं आणि मला नंतर सांगितलं. हे होडीला म्हणाले होते, “हयसरच रव. परत येतंय.”

फार संथ आले. नारू काठावरून ओरडत होता, “तांडेलानू, भरती सुरू होयत!” पण आले. पायरीला हात लावला तेव्हा सगळ्यात मोठ्याने टाळ्या नारूनेच वाजवल्या. तोंडी परीक्षेत मात्र तोच नापास झाला, आणि तोंड ही त्याची एकच इस्टेट होती. त्याने परत दिली.

त्यानंतर हे आणखी दहा वर्षं तर चालवत होते. दोन वर्षांपूर्वी गुडघ्यांनी दगा दिला आणि होडी पुतण्याच्या हाती दिली. आता सकाळी आम्ही दोघं टपरीत बसतो. मी चहा करते, हे पुतण्याच्या चुका काढतात.

परवा दसऱ्याच्या आधी मी माळा साफ करायला काढला. भरतीच्या वह्यांचे गठ्ठे खाली आले. सगळ्या एका पेटीत घालाव्यात म्हणून झटकत होते, तर एक वही हातात जड लागली. उघडून बघितली. पुढच्या पानांतलं एक पान शेजारच्या पानाला जाड चिकटवलेलं होतं, भाताच्या खळीने. खळ वाळून पिवळी पडली होती, तिच्यात एक शीत तसंच होतं.

मी ते पान बोटाने चाचपलं. टाचलेल्या वहीतलं मागचं पान फाडलं, की त्याचं पुढचं जोडपान सुटतं. एवढी साधी गोष्ट पत्रासाठी पान फाडताना माझ्या लक्षात आली नव्हती.

मी त्या दिवसांची पानं शोधली. मी पाटकोंडला गेले त्या तारखेला ह्यांच्या अक्षरात लिहिलं होतं: ‘भरती ९.१०. वारा मतलई. पान सुटला, चिकटयला. इंदू भियाता.’

म्हणजे सुनावणीच्या आठ दिवस आधी. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या वह्या त्या. त्यांत माझं नाव फक्त त्या एका ओळीत आहे.

मी वही घेऊन ओटीवर गेले. हे सुपारी कातरत बसले होते. वही मी पुढ्यात ठेवली. ह्यांनी चष्मा लावला, वाचलं आणि सुपारी कातरू लागले.

“तुमका म्हायत होता?”

“खोबरेल आणूक गेलंस आणि रिकामी बाटली घेवन इलंस,” हे म्हणाले. “आणि हयसर माझा पान सुटल्ला. मी काय इतको खुळो असंय?”

“मगे बोललात कित्याक नाय? बारा वर्सां मी मनातल्या मनात कुढतंय!”

ह्यांनी सुपारीचं खांड माझ्या हातावर ठेवलं.

“तू तरी खय सही केल्लंस?”